गावच्या पाण्याची वही शाळेकडे द्या

मागच्या महिन्यात आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या आम्हा शिक्षकांची, शिक्षण परिषद झाली. शेवटचा विषय होता पर्यावरण शिक्षण. जेवणं उरकलेली, लाइट गेलेली, सगळ्यांना घरी निघायची घाई. तरी या एका विषयावर तासभर वाद झाला. काहींचं म्हणणं होतं, पर्यावरणाला पूर्ण मार्कांचा विषय करा, बोर्डाची लेखी परीक्षा लावा, त्याशिवाय ना लेकरं मनावर घेणार ना पालक. उरलेल्यांचं म्हणणं, दप्तराच्या ओझ्यानं पोरं आधीच वाकलीत. विषय वाढवू नका, दर पावसाळ्यात पोरामागं एक झाड लावून घ्या, तेवढं पुष्कळ झालं. दोन्हीकडची माणसं मनापासून बोलत होती. हाच वाद मी कित्येक वर्षं वर्तमानपत्रांत वाचतोय, भाषणांत ऐकतोय, आणि दर वेळी वाटतं की आपण भलत्याच प्रश्नावर भांडतोय. मार्क द्यायचे की झाड लावायचं, यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट धरूनच चाललेली असते: पर्यावरण म्हणजे मोठ्यांनी लेकरांना करायचा उपदेश. एकाला तो पुस्तकातून करायचाय, दुसऱ्याला खड्ड्यातून. ज्या गावात ते लेकरू राहतं, तिथल्या पाण्याचं आणि मातीचं काय चाललंय हे त्यानं स्वतः मोजावं आणि गावाला सांगावं, हे दोघांपैकी कुणाच्याच मनात येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. मराठवाड्यातल्या प्रत्येक गावच्या शाळेनं त्या गावच्या पाण्याची वही ठेवावी. शिवारात पाऊस किती पडला, आड आणि विहिरींचं पाणी काठापासून किती खाली आहे, बोअर किती झाले, रब्बीला काय पेरलं, टँकर कधी सुरू झाला, हे मुलांनी मोजावं, वहीत मांडावं आणि ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवावं. पर्यावरण शिक्षण म्हणून मला एवढंच हवंय, आणि एवढं झालं तर बाकीचं त्याच्या पाठोपाठ येईल असं मला वाटतं.

विषय सक्तीचा करावा का, हा प्रश्न खरं तर कधीच निकाली निघालाय. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालीच पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश दिला, आणि २००३ साली अभ्यासक्रम तयार करायला लावला. आपल्या राज्यात प्राथमिकला परिसर अभ्यास आहे. तिसरीचं पुस्तक तर जिल्ह्यानुसार वेगळं काढलेलं. नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आहे. पुस्तकं वाईट नाहीत. जलसुरक्षेच्या पुस्तकातले उपक्रम मनापासून केले तर वर्ष पुरणार नाही. मग अडतं कुठं? अडतं ते इथं, की तो विषय शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही. भूजल पातळी खालावत आहे, हे वाक्य माझ्या वर्गातली पोरं न अडखळता लिहायची. तुझ्या घरामागच्या आडात आज किती पाणी आहे, असं विचारलं की वर्ग गप्प. प्रकल्पवही तर मोठ्या भावाची लहान्याला येते. कव्हर बदलतं, आतली कात्रणं तीच. यात पोरांचा दोष नाही. उत्तर आधीच पुस्तकात छापलेलं असेल, तर विहिरीत वाकून बघायचं कशाला?

झाडांच्या बाजूनं बोलणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, कारण त्यांना निदान लेकरांचे हात मातीत घालायचे आहेत. आमच्या शाळेसमोर एक लिंबाचं झाड आहे. ते जगलं ते पाचवीच्या मुलींमुळं. दुपारच्या खिचडीनंतर ताटं विसळलेलं पाणी त्या एका बादलीत धरायच्या आणि ओळीनं जाऊन आळ्यात ओतायच्या, दोन उन्हाळे. आज त्याच्या सावलीत पहिलीचा वर्ग बसतो. त्या मुलींना झाड म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नाही. पण एक झाड वाढवणं वेगळं आणि वृक्षारोपणाचा दिवस साजरा करणं वेगळं. जागतिक पर्यावरण दिन येतो ५ जूनला. आपल्या शाळा उघडतात जूनच्या मध्याला. म्हणजे त्या दिवशी शाळेत लेकरं नसतात, आणि मराठवाड्याच्या जमिनीत ओलही नसते. मृगाच्या आधीची काळी माती भेगाळलेली असते, हातभर ढेकूळ निघतं. तरी फोटो पाठवायचा असतो, म्हणून जवळची चार पोरं घरून बोलावून आणायची आणि मागच्या वर्षीच्याच खड्ड्यात रोप उभं करायचं. राज्यानं २०१६ साली २ कोटी, पुढं ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांची मोहीम घेतली. आकडा दर वर्षी लावलेल्या झाडांचाच घुमत राहिला. गावात जगली किती, हे मोजायचं काम एखाद्या चौथीच्या वर्गाला दिलं असतं, तर आज आपल्याजवळ खरी माहिती असती.

वहीचं काम आमच्याकडं २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झालं. पावसानं दगा दिलेलं वर्ष. दिवाळीआधीच लोक टँकरच्या गोष्टी करायला लागले होते. सातवीच्या वर्गात मी विचारलं, गावात पाणी किती दिवस पुरेल? एकानं सांगितलं महिनाभर, एकानं सांगितलं संक्रांतीपर्यंत. कशावरून? कशावरूनच नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही सुताची दोरी घेतली, दर अर्ध्या मीटरला गाठ मारली, टोकाला दगड बांधला आणि पाच विहिरी ठरवल्या. पहिल्याच विहिरीवर एक आजोबा येऊन बसले. म्हणाले, “मीटर-बीटर मला कळत नाही बाप्पा. ही विहीर सात परसाची.” परस म्हणजे किती, असं पोरांनी विचारल्यावर ते उठले आणि हात डोक्यावर ताणून उभे राहिले. “हे एवढं. माणूस आन् त्याचा हात.” पोरांनी लगेच त्यांना पायापासून बोटापर्यंत टेपनं मोजलं आणि विहीर मीटरमध्ये आणली. मग दोरी सोडली. दगड पाण्याला लागल्याचा आवाज आला की सगळ्यांनी गप्प राहायचं, एकानं दोरी चिमटीत धरायची, दुसऱ्यानं गाठी मोजायच्या. त्या दिवशी दोरी नऊ मीटरला टेकली. आजोबा बराच वेळ आत बघत राहिले. मग बोलायला लागले. बहात्तरच्या दुष्काळात याच विहिरीवर सगळं गाव पाणी भरायचं. पाणी होतं, पण पोटाला नव्हतं. ते स्वतः पाझर तलावाच्या कामावर माती वाहायचे आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटला जाणारा कोरडा खाऊ, घेऊन घरी यायचे. आता दुकानात धान्य आहे आणि विहिरीत पाणी नाही, असं ते म्हणाले. मराठवाड्यात हे वाक्य घरोघर ऐकू येतं. पण त्या दिवशी ते बारा वर्षांच्या पोरांनी हातात दोरी धरून ऐकलं, आणि परत येताना एका मुलीनं विचारलं, “सर, मग मधल्या काळात पाणी गेलं कुठं?” पर्यावरणाचा तास म्हणतात तो मला तिथं सुरू झाल्यासारखा वाटला.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना भूगोल आपोआप आला. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो वाळूसारखं पाणी धरत नाही. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढाच काय तो साठा. पावसाळ्यात तो भरतो, उपसला की संपतो. बहात्तरच्या काळात मोट आणि मोजकी इंजिनं होती. मग वीज आली, मोटारी आल्या, बोअरची गाडी आली, विहिरीच्या पोटात आडवे बोअर आले. आता प्लास्टिक अंथरलेली शेततळी आली, आणि त्यांतली कित्येक पावसाच्या पाण्यानं न भरता बोअरच्या पाण्यानं भरतात; जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं. राज्याचा भूजल कायदा ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घालतो. आमच्या गावात एवढ्यावर कुणी थांबत नाही, हे पोरांना कायदा न वाचताही माहीत आहे. रात्रभर गाडी चालली की त्यांची झोपच मोडते.

पावसाचंही तसंच. अतिवृष्टी ठरते ती चोवीस तासांत ६५ मिलीमीटर पाऊस झाला तर, आणि तो मोजला जातो महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात. मंडळात अनेक गावं असतात. आपल्या शिवारात ढग फुटतो आणि मंडळाच्या गावी भुरभुर पडते, मग नुकसान भरपाईच्या वेळी भांडण होतं, आणि गावाजवळ सांगायला शब्दांशिवाय काहीच नसतं. शाळेच्या अंगणात सरळ कडेचा एक डबा मोकळ्या जागी ठेवून रोज सकाळी पट्टीनं पाणी मोजलं, तर त्या नोंदीला सरकारी मान्यता मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण पाच-सात वर्षांची रोजची नोंद घेऊन गाव तहसीलला गेलं, तर निदान मंडळाचा मापक योग्य जागी आहे का, हा प्रश्न तरी विचारता येईल. २०२५ च्या सप्टेंबरात याच दुष्काळी मुलखात नद्या शेतांतून वाहिल्या, माती खरडून नेली, खाली मुरूम उघडा पडला. पाणी कुठून शिरलं, कोणत्या बांधापर्यंत आलं, जुना नाला कुठं बुजवला होता, हे त्या आठवड्यात गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ होतं. पाच वर्षांनी कुणाला आठवेल? त्या पाण्याची रेघ शाळेच्या वहीत असायला हवी.

आता विरोधाकडं येतो. सगळ्यात वजनाचा विरोध माझ्याच सहकाऱ्यांचा आहे. शिक्षकावर आणखी एक काम टाकू नका. हे शंभर टक्के खरं दुखणं आहे. मतदार यादी, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती, यातून उरलेल्या वेळात आम्ही शिकवतो. शिक्षण हक्क कायद्यानं जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. प्रत्यक्षात काय होतं हे कुठल्याही दोनशिक्षकी शाळेत एक दिवस बसलं की कळतं. म्हणून माझी पहिली अट ही, की या वहीला ॲप नको, फोटो नको, वर पाठवायचा तक्ता नको. ज्या दिवशी ही वही वरच्या कार्यालयासाठी भरली जाईल, त्या दिवसापासून तिच्यात खोटे आकडे येतील. वही गावाची, गावातच राहावी. आणि दुसरी गोष्ट, हे काम शिकवण्याच्या बाहेरचं आहेच कुठं? आमच्या शाळेचं पत्र्याचं छप्पर ३० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे १८० चौरस मीटर. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी साधारण ६८० मिलीमीटर पाऊस होतो. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सातवीच्या पोरांनी गुणाकार केला: १ लाख २२ हजार ४०० लिटर. दहा हजार लिटरचे बारा टँकर, आणि तेही आपल्याच डोक्यावर पडून अंगणातून वाहून जाणारे. आणि उन्हाळ्यात शाळेत प्यायला पाणी नव्हतं, लेकरं घरून बाटल्या आणायची. क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी, आलेख, शेकडेवारी हे सगळं मी तसंही शिकवणारच होतो. फळ्यावरच्या काल्पनिक टाकीऐवजी मी छप्पर घेतलं, एवढाच फरक.

दुसरा विरोध जास्त खोल आहे, आणि तो करणारी माणसं विचारी आहेत. ती म्हणतात, पाप कुणाचं आणि प्रायश्चित्त कुणाला? पाणी ऊस पितो, कारखाने पितात, धोरणं मुंबईत ठरतात, आणि तुम्ही दहा वर्षांच्या लेकराला दोरी देऊन विहिरीवर उभं करता. यातलं निम्मं मला पूर्ण मान्य आहे. पाण्याची काटकसर करा, नळ बंद ठेवा, असं ज्या लेकराच्या घरी नळच नाही त्याला सांगणं क्रूर आहे. २०१९ साली विभागीय आयुक्त कार्यालयानं मराठवाड्यात ऊस बंद करण्याची शिफारस केली होती. ऊस आजही उभा आहे. पण तो का उभा आहे, हेही बघायला हवं. हमखास उचल असलेलं, ठरलेला भाव मिळणारं, गारपीट-अतिवृष्टीतही थोडंफार हाती लागणारं दुसरं पीक शेतकऱ्याला कुणी दिलं? ज्वारीचं रान सोयाबीननं घेतलं, करडई आणि जवस गेलं, कडबा गेला आणि दावणीची जनावरंही गेली. अशा माणसाला वरून फर्मान काढून ऊस सोडायला सांगितला, तर तो कशासाठी सोडेल? शेजारच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि ऊस लावायचा नाही, हे ठरवलं ते ग्रामसभेत, आणि दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवली. आपल्याकडं जालन्याच्या कडवंचीत खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं पाणलोटाचं काम उभं राहिलं तेही माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार मोजून, बांध घालून. नियम टिकला तो लोकांना आपलं पाणी आकड्यांत दिसलं म्हणून.

जायकवाडी धरणाचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडा, ही मराठवाड्याची मागणी वर्षानुवर्षं भावनेच्या भाषेत चालली होती. तिला धार आली ती आकड्यानं. २००५ चा जलसंपत्ती प्राधिकरणाचा कायदा, समन्यायी वाटपाचं कलम, या वाटपावरचा मेंढेगिरी समितीचा अहवाल, आणि मग १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र. वरच्यांनी पाणी मोजून द्यावं असं आपण कोर्टात जाऊन भांडतो. मग आपल्याच गावात वरच्या रानातला बोअर खालच्या वस्तीचा आड कोरडा करतो, तेव्हा आपण काय मोजतो? गोदावरीच्या पाण्याला जो न्याय हवा, तोच गावातल्या दोन विहिरींमध्ये का नको? लेकरांवर पापाचं ओझं टाकायचं नाहीये. पाणी किती आहे एवढं लेकरू सांगेल. त्याचं काय करायचं हे मोठ्यांनीच ठरवायचं आहे.

लेकरांनी आकडा सांगितल्यावर गावाला तो बोचतो, हा तिसरा मुद्दा, आणि इथं मला माझी कबुली द्यावी लागेल. दुसऱ्या वर्षी आम्ही बोअर मोजायला सुरुवात केली. पोरं गल्लीगल्लीनं आणि वस्तीवस्तीनं यादी करत होती. आठ दिवसांत दोन जण शाळेत आले. आवाज चढवला नाही, चहा घेतला, आणि म्हणाले, गुरुजी, तुम्ही शिकवायला आलात, बोअर कशाला मोजता, उद्या हे कागद कुणाच्या हातात जातील? त्यांची भीती खोटी नव्हती. शेतकऱ्यावर आधीच कर्ज आहे, त्यात नोटीस कुणाला हवी? आणि माझीही भीती खोटी नव्हती. बदली कशी होते हे मला माहीत आहे. मी यादी कपाटात ठेवली आणि पोरांना सांगितलं, आपण फक्त विहिरी मोजू. एका मुलानं विचारलं, का? मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर न देणं मला अजून लागतं, कारण त्या वर्षी मी त्यांना जे शिकवलं ते हेच, की मोजायचं तेवढंच जेवढं कुणाला टोचणार नाही. म्हणून आता माझं मत पक्कं आहे: ही वही एकट्या शिक्षकाच्या जिवावर चालू शकत नाही. ग्रामपंचायतीनं ठराव घ्यावा, नावं न लिहिता शिवाराच्या भागानुसार आकडे मांडावेत, आणि शाळा व्यवस्थापन समितीनं वहीवर सह्या कराव्यात. ही माहिती कुणाला पकडायला नाही हे गावानंच गावाला लिहून द्यावं.

गावाचा हिशेब कुणाच्या हातात असावा, हे भांडण जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात खेड्यातल्या प्राथमिक शाळांत शेतीचं प्राथमिक ज्ञान द्यावं, जमेल तिथं शाळेला लहानसं नमुन्याचं शेत जोडावं, अशी मागणी होती. पुढच्याच वर्षी ‘शेतकऱ्याचा आसूड’मध्ये त्यांनी लिहिलं, की पावसाचं पाणी आधी रानात मुरेल आणि मग नदीनाल्याला मिळेल अशा रीतीनं जागोजाग बंधारे घालावेत. म्हणजे शाळा, शेत आणि पाणी या तिन्ही गोष्टी एकाच माणसानं एका दमात मागितल्या, आणि त्या ज्या माणसासाठी मागितल्या त्याच्या जमिनीचं दप्तर तेव्हा गावचा हिशेब ठेवणाऱ्या कुलकर्ण्याच्या खांद्यावर होतं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं म्हणून त्याचीच जमीन त्याला कागदावर ओळखू येत नव्हती. आज वाचता येतं. पण विहिरीचं पाणी, मंडळाचा पाऊस, गावची पैसेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), हे सगळं अजून कुठल्या तरी कचेरीत मांडलं जातं आणि तिथून खाली येतं. भूजल खातं ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं वर्षातून चार वेळा आपल्या निरीक्षण विहिरी मोजतं. काम चांगलं आहे, पण प्रत्येक गावात ती विहीर नाही आणि गावातल्या माणसाला तो आकडा चावडीवर दिसत नाही.

फुल्यांची मागणी तशीच राहिली. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींची नई तालीम ठरली, हातानं काम करत शिकायचं, ती काही वर्षांत सूत कातायच्या टकळीच्या तासावर येऊन थांबली. का? मला वाटतं, दोन कारणांनी. एक, कामाचं कर्मकांड झालं. सूत निघतंय का आणि ते कुणी वापरतंय का, हे कुणी विचारेनासं झालं. आणि दुसरं, पालकांना वाटलं की ही गरिबाच्या पोरांना गरीबच ठेवणारी शाळा आहे. हे दुसरं कारण मी हलकं समजत नाही. माझ्या गावचा बाप आजही म्हणतो, “सर, मह्या लेकराला डॉक्टर करायचंय, विहिरीवर कशाला नेता?” त्याच्यापुढं लातूर आहे. साऱ्या राज्यातून पोरं जिथं नीटच्या क्लासला येतात ते लातूर. त्याचं स्वप्न मोडायचा मला काय अधिकार? पण त्याच लातुरात २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. ज्या शहरात परिसंस्थेच्या धड्यावरचे प्रश्न राज्यात सगळ्यात अचूक सोडवले जात होते, त्या शहराच्या धरणात मातीला भेगा होत्या. यात त्या मुलांची काही चूक नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी असू शकतात, हे बघितल्यावर लेखी परीक्षा लावल्यानं पर्यावरण शिक्षण होतं, हे मी कसं मान्य करू? आणि डॉक्टर होणाऱ्या पोरानं सातवीत तीन वर्षांचा आलेख स्वतः काढलेला असेल, तर त्याचं विज्ञान कच्चं राहील की पक्कं होईल?

एक गोष्ट या सगळ्या वादात कुणी बोलतच नाही. बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की वर्ग रिकामे व्हायला लागतात. ऊसतोडीसाठी एक एक कोयता साखर कारखान्याकडं निघतो, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मागं कोणी सांभाळणारं नसेल तर लेकरूही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जातं. हंगामी वसतिगृहं आहेत, त्यांनी कित्येक लेकरं शाळेत टिकवली. तरी हजेरीपटावरची रिकामी घरं दिसतातच. ही लेकरं का जातात? कोरडवाहू रानात रब्बी पिकत नाही म्हणून. आपल्या गावात पाणी नाही म्हणून दुसऱ्याच्या गावातला, पाणी पिऊन वाढलेला ऊस तोडायला. पर्यावरण हा विषय यांच्या अंगावरच लिहिलेला आहे, आणि नेमकी हीच पोरं त्या तासाला गैरहजर असतात. आमच्या वहीत विहिरींच्या रकान्याशेजारी आम्ही आणखी एक रकाना आखला: या महिन्यात वर्गातून किती जण गेले. पाणी खाली जातं तसा तो आकडा वर चढतो. हे पोरांनीच मला दाखवलं, मी नाही त्यांना.

वेळापत्रकाचीही अडचण नाही. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतातच. २ ऑक्टोबर म्हणजे पाऊस संपत आलेला, विहिरी भरलेल्या आणि रब्बीचं ठरायचं बाकी. आकडा तेव्हा वाचला तर त्याचा उपयोग आहे. मे महिन्यात तो फक्त रडगाणं होतो.

२०२५ च्या सप्टेंबरातल्या त्या पुरानंतर आमच्या गावात विहिरी तुडुंब झाल्या. ज्यांचं सोयाबीन वाहून गेलं होतं त्यातले बरेच जण म्हणत होते, आता पाण्याला तोटा नाही, ऊस लावून टाकू. पंचायतीनं वहीचा ठराव घेतलेला होता, म्हणून २ ऑक्टोबरला सातवीची एक मुलगी वही घेऊन उभी राहिली. तिनं त्या वर्षीचा आकडा वाचला: पाचही विहिरींत पाणी काठापासून मीटरभर. लोक खुशीत होते. मग तिनं मागची पानं उलटली. २०२२ च्या ऑक्टोबरात पाणी सव्वा मीटरवर होतं. पुढच्या जानेवारीत पाच मीटरवर. मार्चमध्ये आठ. मेमध्ये अकरा मीटरवर दोरी टेकली, आणि एका विहिरीत दगड कोरडा आपटला.

कुणी काही बोललं नाही. मागून एक जण म्हणाला, “परत एकदा वाच बरं, बाई. सावकाश.”